समोरच्या खुर्चीत मला बसवलं

पहिली थप्पड गालावर बसली. दुसरी कानावर. कानात शिट्टी वाजायला लागली आणि त्या शिट्टीच्या पलीकडून मॅडमचा मऊ आवाज आला, "छान. येऊ द्या. अडवू नका."

हे त्या मला म्हणत नव्हत्या. मारणाऱ्याला म्हणत होत्या.

शहरातल्या गारखेड्यात मॅडमचं समुपदेशन केंद्र होतं. खाली केंद्र, वर घर. मॅडम समुपदेशन करायच्या, सर ध्यान आणि प्राणायाम शिकवायचे, सूनही पेशंट बघायची. मी मानसशास्त्रात एम. ए. करून तिथे शिकाऊ म्हणून लागले होते. वर्षभराच्या अनुभवाचा दाखला मिळाला की मला दुसरीकडे समुपदेशकाची नोकरी लागणार होती. मी बौद्ध वस्तीतली. घरात एवढं शिकलेली पहिलीच. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तू आता घरचीच." घरची म्हणजे काय ते आठ दिवसांत कळलं. सून बंद दाराआड लोकांची दुःखं ऐकायची, आणि मी ध्यानाच्या गाद्या झटकायचे, पेशंटच्या चपला सरळ लावायचे. केलं तेही. अडला हरी गाढवाचे पाय धरी.

रागाच्या पेशंटसाठी एक पद्धत असते. ज्याच्यावर राग आहे तो माणूस समोरच्या खुर्चीत बसलाय असं समजायचं आणि मनातलं सगळं त्याला बोलून टाकायचं. खुर्ची रिकामी ठेवायची. मला हे परीक्षेत आलं होतं.

लासूर स्टेशनकडचा एक बागायतदार यायचा. भर बाजारात त्यानं शेतावर वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या आपल्या सालदारावर हात उगारला होता. सालदारानं तो हात वरच्या वर धरला. तेव्हापासून या माणसाची झोप उडाली होती. मॅडमनी खुर्ची मांडली तर म्हणाला, "रिकाम्या खुर्चीसंगं काय बोलू? मी काय येडा हाय का?"

मॅडमनी मला आत बोलावलं.

"तू बस. तो सालदार तुमच्याच समाजाचा आहे. यांना चेहरा मिळेल."

"मॅडम, खुर्ची रिकामी ठेवायची असते."

"पुस्तकातलं सगळं इथे चालत नाही. मनावर घेऊ नकोस. तुम्हाला ऐकून घ्यायची सवय असते ना."

तुम्हाला. एका शब्दात माझी आई, आजी, पणजी सगळ्या त्या खुर्चीत बसवल्या बाईनं. मी सुनेकडे बघितलं. ती फाईल चाळत राहिली. तिला का नाही बसवलं, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. दाखला डोळ्यांपुढे होता. मी बसले. आजही त्याची लाज वाटते.

त्या गुरुवारी नुसत्या शिव्या झाल्या. आईवरून, जातीवरून. रात्री त्या माणसाला म्हणे गाढ झोप लागली. म्हणून पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला आणि त्या दिवशी थपडा झाल्या. मॅडमनी नॅपकिनमध्ये बर्फ दिला. "बघ, किती मोकळे झाले ते. ही सेवाच आहे." घरी आईला सांगितलं, स्कूटीवरून पडले. आईनं माझ्या गालावरची बोटं बघितली. स्कूटीला बोटं नसतात हे तिलाही माहीत होतं.

तिसऱ्या गुरुवारी तो बाह्या सावरतच आला. जत्रेला आल्यासारखा खुशीत. मी बसले तसा वाकून तोंडाजवळ आला.

"माझा हात धरतो व्हय रे? तुझं खोपाट म्याच पेटवलं. शेळ्या वरडत व्हत्या. मी बांधावर हुबा राहून ऐकत व्हतो. लई ग्वाड वाटलं."

मॅडमचं पेन थांबलं. क्षणभरच. मग म्हणाल्या, "हं. पुढे?"

त्यानं खुर्चीला लाथ घातली. मी पडले. त्यानं केस धरून मला वर ओढलं. तेव्हा माझ्या आत जे काही इतकी वर्षं दबून बसलं होतं ते उठलं. मी त्याचं मनगट धरलं आणि दातांत घेतलं. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. तो बोंबलायला लागला. टेबलावरचा पाण्याचा तांब्या हाताला लागला तो हाणला. खांद्यावर बसला. डोक्यात घालायचा होता, नेम चुकला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सर धावत आले. "घरचं माणूस असं वागतं का?"

"पेशंट आहेत ते!" मॅडम ओरडल्या. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. मला मार बसत होता तेव्हा चढला नव्हता. "माफी माग. आणि इथे बोललेलं बाहेर जाता कामा नये. गोपनीयता माहीत आहे ना?"

"माहीत आहे. ती समुपदेशकानं पाळायची असते. मला तुम्ही समुपदेशक म्हणून कधी बसवलं?"

सरांमागून सून आली. तिनं तिथल्या तिथे दोन कागद तयार केले. एक माझा अनुभवाचा दाखला, 'उत्कृष्ट काम' असं लिहिलेला. दुसऱ्यावर लिहिलं होतं, की तिन्ही गुरुवारी या पेशंटसमोर मी स्वखुशीनं सालदाराच्या जागी बसले. खाली पेशंटचं नाव, तारखा, मॅडमची सही आणि केंद्राचा शिक्का. माझ्या सहीची जागा रिकामी. घाबरलेली माणसं किती नीटनेटकं लिहून देतात!

"सही कर आणि दाखला घेऊन जा," मॅडम म्हणाल्या.

वर्षभर ज्याच्यासाठी चपला लावल्या तो दाखला मी टेबलावरच ठेवला. दुसरा कागद पुरावा म्हणून घडी करून पर्समध्ये टाकला. सर दारात आडवे आले. माझ्या ओठांवर अजून रक्त होतं. ते बघून बाजूला झाले.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाला, "ताई, मोठी मानसं हायेत. मिटवून घ्या की."

"लिहा," मी म्हणाले.

त्याला लिहून व्हायला दोन तास लागले. मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी लासूर स्टेशनला गेले. सालदार बायकोला घेऊन मेव्हण्याकडे राहत होता. त्याच्या झोपडीला आग चुलीच्या ठिणगीनं लागली असं कागदोपत्री लिहून प्रकरण बंद झालेलं. मी ऐकलेलं सगळं त्याला सांगितलं. त्याची बायको पदर तोंडात धरून भिंतीकडे तोंड करून बसली. त्यानं मला विचारलं,

"कोर्टात बोलताल का ताई? मधीच पलटी तर नाय मारणार?"

नाही मारणार. आता कुणी मला कामावर ठेवणार नाही, शहरात मॅडमची ओळख मोठी आहे. बागायतदाराचा वकील मला पिसाळलेली म्हणेल, दातांच्या खुणा दाखवेल. दाखवू दे. मीच चावले, हे आधी सांगेन. मग त्या माणसाकडे बघत, शेळ्या ओरडत होत्या आणि तो बांधावर उभा राहून ऐकत होता, हे त्याच्याच शब्दांत सांगेन. जितक्या तारखा पडतील तितक्या वेळा सांगेन.