काचा बाहेर पडल्या होत्या

शाळेत तिला सगळे किल्लीमावशी म्हणत. सत्तावीस वर्षं कुलपं उघडायची, वर्ग झाडायचे, घंटा द्यायची आणि कुणाची भीडभाड न ठेवता बोलायचं, हा तिचा शिरस्ता. पण गेले चार दिवस तिच्याच तोंडाला कुलूप होतं आणि तिला स्वतःचा भयंकर राग येत होता.

झालं होतं असं. उशिरा येणाऱ्यांना या शाळेत बक्षिसांच्या कपाटापाशी उभं करत, इतरांचं यश बघून लाज वाटावी म्हणून. त्या सकाळी तिथे चौघं होती. पहिला नंबर न सोडणारी हुशार मुलगी, शर्यती जिंकणारा धावपटू, विश्वस्तांची लेक आणि गॅरेजवाल्याचा मुलगा. एरवी ही एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहत नसत. अचानक पाठीमागे खळकन कपाटाची काच फुटली. मुख्याध्यापकांना वाटलं, यांच्यातल्याच कुणीतरी फोडली. सुट्टीच्या दिवशी त्यांनी चौघांना चार कोपऱ्यांत बसवून कोरे कागद दिले. "चारपर्यंत नाव लिहा. नाहीतर गॅरेजवाल्याच्या पोराचा दाखला हातात देतो," म्हणाले आणि मावशीला राखणीला बसवून गेले.

"तूच फोडलीस ना? मग सांगून टाक," विश्वस्तांची लेक म्हणाली.

"मी? मी तर जांभई देत होतो," गॅरेजवाल्याचा मुलगा म्हणाला. धावपटूला हसू फुटलं.

"मी मुद्दाम उशिरा आले होते," हुशार मुलगी एकदम बोलली. "पहिल्या नंबराचा कंटाळा आलाय मला."

"आणि मला पळायचा," धावपटू म्हणाला.

दुपारी चौघं एकाच बाकावर एकाच डब्यातून खात होती. मावशीने त्यांना कोपऱ्यात हाकललं नाही. चार वाजले तरी कागद कोरेच होते.

मुख्याध्यापकांनी ते उलटसुलट पाहिले. "ठीक. तू सोमवारी वडिलांना घेऊन ये, दाखला न्यायला."

"बरं," मुलगा म्हणाला. इतक्या सवयीने म्हणाला, की मावशी जागची उठली. नोकरीची दोन वर्षं उरली होती, म्हणून ती गप्प होती. या पोराची तर सगळी उरली होती.

"सर, काचा मी झाडल्या."

"मावशी, तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगते. बाहेरून फोडली असती तर काचा आत पडल्या असत्या. आत एक तुकडा नव्हता. सगळ्या बाहेर, या पोरांच्या पायाशी." तिने खिशातून वाकलेली खिटी काढून टेबलावर ठेवली. "फळीला आधार देणारी आहे. पाहुणे येणार म्हणून सगळे मोठे कप वरच्या फळीवर ठेवायला तुम्ही सांगितलंत. फळी पेलणार नाही, असं मी म्हणाले, तर म्हणालात, सांगितलं तेवढं करा. मी केलं. फळी कलली, कप काचेवर आले."

मुख्याध्यापकांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे चूक तुमची! लेखी द्या. नोकरीवर गदा येईल, कळतंय ना?"

"कळतंय. लेखीच देते."

तिने एक कोरा कागद ओढला. लिहायची सवय कमी, त्यामुळे अक्षर न अक्षर जोर लावून निघत होतं.

"तुम्ही चौघं जा घरी," मुख्याध्यापक ओरडले.

कुणी हललं नाही. गॅरेजवाल्याच्या मुलाने मावशीचा कागद सरकू नये म्हणून कोपरा बोटाने दाबून धरला.

"मावशींचं होऊ दे, सर," विश्वस्तांची लेक म्हणाली. "आम्हाला आज उशीर चालेल."

मावशीने 'सरांच्या सांगण्यावरून' हे शब्द दोनदा गिरवले.