येऊन राहिलो

१९ मे २०२४, रविवार. भिलाई, कॅम्प-१. घरातले जीव चार. त्यांत कमावणारे दोन.

गुलाब कापगते तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. त्यांचे वडील साकोलीकडची शेती भावांवर सोपवून पोलाद कारखान्यात आले आणि कायम नोकरीतून निवृत्त झाले. मुलाची पाळी आली तोवर कायम नोकऱ्या आटल्या होत्या. गुलाब ठेकेदाराकडे लागले. थंड केलेल्या भट्टीत उतरायचे, जळालेले विटांचे अस्तर फोडायचे, नवे बसवायचे, हे त्यांचे काम. भट्टी तीच राहिली, काम तेच राहिले. ठेकेदार निविदेगणिक बदलत गेले. कारखान्याच्या दारातून आत सोडणारा गेटपास ठेकेदाराच्या शिफारशीने मिळतो. पास असेल तर माणूस कामगार असतो. नसेल तर तो दारापाशी उभा असलेला कोणीतरी असतो.

मुलगा रोशन वीस वर्षांचा. वर्षभरापासून तोही त्याच ठेकेदाराकडे होता आणि बापाच्याच क्लबात गोलंदाजी करीत होता.

क्लबचा खर्च ठेकेदार राजदीप करीत असे, आणि अकरांपैकी बहुतेक खेळाडू त्याचेच कामगार होते. जूनपासूनचा नवा ठेका कमी माणसांत चालवायचा आहे, ही बातमी मेच्या आरंभीच सर्वांना कळली होती. क्रिकेट स्पर्धेच्या फायनलच्या आदल्या आठवड्यात सराव चालू असताना राजदीप मैदानावर आला आणि गाडीला टेकून म्हणाला, "कप ले आओ, टीम का एक भी आदमी नहीं निकलेगा। हार गए, तो फिर मैं अपने हिसाब से देखूँगा।"

"लिखकर दोगे, भैया?" कोणीतरी विचारले.

"जबान दी है, और क्या अँगूठा लगाऊँ?"

सगळे हसले. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची ऐपत मात्र हसणाऱ्यांपैकी कोणाचीच नव्हती.

रविवारी दुपारी निघताना गुलाबच्या आई, सिंधुताई, यांनी ऊन बाधू नये म्हणून मुलाच्या आणि नातवाच्या खिशात एकेक कांदा घातला. "लू चालून राहिली, अन् हा बुढा चेंडू माराले निघाला," त्या म्हणाल्या. "कावून खेळता रे उन्हात? सायब लोक एसीत बसून पाहतीन."

पत्नी वंदना गुलाबच्या गुडघ्याला पट्टी आवळत होत्या. "हारून आले त मी दरवाजा नाही उघडत," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

सामना कोहक्याच्या मैदानावर, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीच्या संघाशी होता. चरोद्याने आधी फलंदाजी केली. त्यांच्या धावा फार नव्हत्या, पण कॅम्पचे फलंदाज त्या उन्हात एकामागून एक माघारी आले. एका टोकाला गुलाब उभे राहिले. चौकार त्यांच्या बॅटमधून क्वचितच जाई. बाद न होणे एवढाच त्यांचा खेळ होता, आणि त्या दिवशी त्याचीच गरज होती. गुडघा दुमडत नव्हता. चरोद्याचा कर्णधार सुजय यष्टीमागून बोलतच होता.

"अंकल, दौड़ना मना है क्या डॉक्टर ने?"

"तू बॉल पकड़ बेटा, डॉक्टर मैं देख लूँगा।"

"अंकल का घुटना गिर गया रे पिच पे, कोई उठा के दे दो!"

प्रेक्षकांसह गुलाबही हसले. त्यानंतर नववा गडी बाद झाला आणि हसणे थांबले. जिंकायला दोन धावा हव्या होत्या, आणि शेवटचा फलंदाज म्हणून रोशन आत आला.

बापलेक खेळपट्टीच्या मध्यावर भेटले.

"बाबा, मले डर लागून राहिला."

"डर घरी ठेव. बॅट सरळ ठेव. बॉल मागं गेला त तू पाहू नको, मी सांगतो."

धाव घ्यायची की नाही हे सांगण्याची या क्लबची एक ठरलेली रीत होती. अकरा जणांत तेलुगू, ओडिया, छत्तीसगढी, मराठी असे सारेच असल्याने मैदानावर फक्त हिंदी बोलायची: 'आ' किंवा 'रुक'. गुलाब वीस वर्षे ही रीत पाळत आले होते. नव्या पोरांना त्यांनीच ती शिकवली होती.

रोशनने पहिला चेंडू थोपवला. दुसरा त्याच्या बॅटची कड घेऊन यष्टीमागे, थर्ड मॅनकडे गेला. तो रोशनला दिसत नव्हता. धावेचा निर्णय समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या गुलाबचा होता. धाव होती. गुलाब निघाले आणि ओरडले, आणि ज्या पोराशी आयुष्यभर घरच्या भाषेतच बोलले होते त्याच्याशी त्या क्षणीही घरच्याच भाषेत बोलले: "येऊन राहिलो!"

पुण्याकडचा माणूस 'येतोय' म्हणेल तिथे विदर्भातला 'येऊन राहिलो' म्हणतो. पण तीन तास उन्हात उभ्या असलेल्या माणसाचे तोंड कोरडे होते, आणि सीमेवर ताशा वाजत होता. पहिला शब्द घशातच अडकला. रोशनला ऐकू आले ते एवढेच: "राहिलो!"

बाबा जागीच राहिले, गुडघा गेला, असे त्याला वाटले. रोशनने क्रीजबाहेर टाकलेला पाय मागे घेतला.

त्याने मान वर केली तेव्हा गुलाब अर्धी खेळपट्टी ओलांडून त्याच्याकडे येत होते. "आ! आ!" ते आता हिंदीत ओरडत होते. परतायला वेळ नव्हता आणि पुढे मुलगा उभा होता. तरीही ते पळत राहिले, जणू त्याच्याजवळ पोहोचले तर काही वाचणार होते. क्षेत्ररक्षकाने चेंडू दुसऱ्या टोकाला फेकला, गोलंदाजाने सावकाश बेल्स उडवल्या. गुलाब बाद झाले. कॅम्प एका धावेने हरला.

सुजय सर्वांत आधी जवळ आला. त्याने स्वतःची बाटली पुढे केली. "पी लो, अंकल," एवढेच म्हणाला.

घरी दार उघडेच होते. कोणी जेवले नाही. "माझी चुकी होय, बाबा, मी थांबलो," रोशन पुन्हा पुन्हा म्हणत होता. सिंधुताईंना ते समजेना. "घरात त रोज तेच बोलता," त्या म्हणाल्या. "आज कसं नाही समजलं?"

मेच्या अखेरीस कारखान्याच्या दाराबाहेर राजदीपने नवे पास वाटले. रोशनचा होता. गुलाबचा नव्हता. "कॉल मेरा था," हे गुलाबनी त्याला आधीच हिंदीत सांगितले होते, पोराला वाचवण्यासाठी. आता त्यांनी हात तेवढे जोडले.

"बुरा मत मानना, काका," राजदीप म्हणाला. "आउट तो तुम हुए। लड़का नॉट आउट है।"

रांगेतले काही जण हसले. पास हातात असलेलेच हसले.

रोशनने आपला पास बापाच्या हातात कोंबला. गुलाबनी तो त्याच्या खिशात परत घातला, वरून हाताने दाबून धरला. "जाय अंदर. एक त अंदर राहू दे."

क्लबात महिनाभर वाद चालला. कोणी म्हणे कॉल चुकला, कोणी म्हणे कान चुकला. मराठीवरून विनोदही झाले. माणसाच्या बावीस वर्षांच्या कामाचा निकाल एका धावेवर कोणी ठेवला, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. तो विचारण्यासाठी ज्याच्यासमोर उभे राहावे लागले असते, त्याच्याच सहीवर विचारणाऱ्याचा पास होता. जबान मोडली असेही कोणाला म्हणता येईना. राजदीपने दिलेला शब्द अक्षरशः पाळला होता. अन्याय त्या शब्दातच होता.

गुलाब आता सकाळी मजूर उभे राहतात त्या चौकात उभे राहतात. वीट रचणारा हवा असला की लोक तरुण हात निवडतात. रोशन संध्याकाळी घरी येतो, बापासमोर बसतो आणि हिंदीत बोलतो. वंदना त्याला टोकत नाहीत.

गुलाब यांनी काम एकाच भट्टीत केले. प्रत्येक ठेकेदार मात्र फक्त स्वतःच्या काळापुरतेच ते मोजतो, आणि ग्रॅच्युइटीला लागणारी सलग पाच वर्षे कोणाच्याच काळात भरत नाहीत. त्यांची ग्रॅच्युइटी अद्याप मिळालेली नाही.