दुबई जवळ, मुंबई लांब

पोलादपूरला एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारे येऊन बसले, मांडीवर फणस घेऊन. मुलगा चार वर्षांनी दुबईहून येत होता. त्याला आणायला ते मुंबईच्या विमानतळावर निघाले होते.

"मग फणस कशाला? घरी आल्यावर खाईलच की," मी म्हणालो.

"रिकाम्या हातानं आणायला जायचं काय?"

म्हणजे फणस पोलादपूरहून मुंबईला जाणार आणि पुन्हा पोलादपूरला येणार होता. त्याचे काटे मात्र माझ्या बरगडीत.

"आताच विमानात बसला. दोन हजार किलोमीटर हाय, तीन तास लागतात," ते ऐटीत म्हणाले. आमचे तर दोनशेही नव्हते, म्हणून ते निर्धास्त होते.

तीन तासांनी आमची एसटी माणगावच्या कोंडीत उभी होती आणि ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत होता. तेवढ्यात मुलाचा फोन आला. तो मुंबईला उतरला होता.

"तिथंच थांब, हलू नको. मी पनवेलला पोचलो," म्हातारे बेधडक म्हणाले.

"माणगाववाले, इथंच उतरून घ्या!" कंडक्टर ओरडला. म्हाताऱ्यांनी फोनवर हात दाबला, पण उशीर झाला होता.

पलीकडून हसणं ऐकू आलं. "आबा, तुम्हीपण तिथंच उतरा. बॅग आली की मी टॅक्सी करून येतो."

"विमानाचं बरं हाय, वाटेत माणगाव लागत नाय," म्हातारे माझ्यावरच डाफरले आणि उतरले. रस्ता ओलांडून, काखेत फणस धरून, मुंबईकडून येणाऱ्या प्रत्येक टॅक्सीला हात दाखवू लागले.

मुलाची बॅग अजून यायची होती.