आजींचा बाप्तिस्मा

नेऱ्यातलं आमचं घर आता घर कमी आणि खोल्या जास्त झालंय. भाताच्या खाचरावर तीन मजले उठले, वरच्या दोन मजल्यांवर हिंजवडीत कामाला जाणारे भाडेकरू. त्यांत एक ख्रिस्ती नर्स होती, नगरकडची. भाडेकरूंशी फार जवळीक करायची नाही हा माझा नियम. तो तिनंच मोडला. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, तेव्हापासून ती ड्यूटीवरून आली की आधी खाली यायची, 'आजी, आजी' करत त्यांची कूस बदलायची, पाठ पुसून द्यायची.

सासूबाई काही गोड बाई नव्हत्या. अख्ख्या गावाशी भांडून झालं होतं, माझ्याशी तर रोजच. त्यांची वाचा गेली तेव्हा, सांगायला लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं वाटलं. "ह्यांना यमबी घ्यायचा न्हाई," असं मी एकदा चेष्टेत म्हणाले. नर्स हसली नाही. मग हळूहळू तिनं मला मेल्यानंतरचं तिच्या धर्मातलं सांगितलं.

आमच्याकडे नरकात शिक्षा भोगायची आणि पुन्हा जन्माला यायचं. तिच्याकडे एकदा आत गेलं की गेलं. आणि तिथं नुसते चोर-दरोडेखोरच जातात असंही नाही. बाप्तिस्मा न झालेली भली माणसंसुद्धा जातात, असं तिच्या आजीनं तिला लहानपणी शिकवलं होतं. त्यांचे फादर म्हणत, देवाची दया मोठी आहे, कोण कुठं जाईल ते आपण ठरवू नये. फादरचं तिला पटायचं, पण लहानपणी बसलेली भीती काही जात नव्हती.

एक दिवस ती म्हणाली, "ताई, आजींचं आता फार दिवसांचं नाही. माणूस जायला टेकलं असेल तर आमच्यातलं कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. कपाळावर तीनदा पाणी ओतायचं आणि प्रभूचं नाव घ्यायचं, एवढंच. मी आजींना विचारलं. त्यांनी माझा हात दाबला. देऊ का?"

"न्हाई गं बाई," मी म्हणाले. "आमच्यात नसतं तसलं. गावात कळलं तर तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई."

"बरं," म्हणून ती वर गेली.

चार दिवसांनी भर दुपारी सासूबाई गेल्या. शेवटच्या घटकेला मी तुळशीचं पान आणायला अंगणात गेले होते, खोलीत त्यांच्याजवळ नर्स एकटीच होती. परत आले तर उशाशी पाण्याची वाटी आणि तिची बोटं ओली. तेवढ्यात माणसं जमली आणि मी पुढच्या तयारीला लागले. पण संशय बसला तो बसलाच. आधी संताप आला. दहावं, तेरावं पार पडलं तसा तो ओसरला, आणि तिनं पाणी घातलेलं असलं तर बरंच, असं मला वाटायला लागलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

शेवटी जिन्यात तिला गाठलं. "खरं सांग, घातलंस ना पानी? मी रागावनार न्हाई."

"नाही ताई."

"मग ती वाटी?"

"भरून आणली होती. बोटं बुडवली होती. पण तुम्ही नाही म्हणाला होतात. आणि माझ्यावर भरवसा टाकून तुम्ही बाहेर गेलात. चोरून कसं घालू?" मग ती म्हणाली, "आजी आता मला स्वर्गातही भेटायच्या नाहीत."

ती रडली नाही. पिशवी उचलून ड्यूटीवर गेली.

मी नरक मानत नाही, आजही नाही. पण ती मानते, आणि मानत असूनही तिनं माझा शब्द मोडला नाही. तिनं खोटं बोलायला हवं होतं, 'हो, घातलं' म्हणायला हवं होतं, असं मला फार वाटलं. 'देऊ का?' असं तिनं मला विचारलं तेव्हा मी मेथी निवडत होते. मान वर करूनसुद्धा तिच्याकडे पाहिलं नव्हतं.