चौथ्या घराचा मलिदा

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण कोणाचे, असे कोणी विचारले तर मी आमच्या इंग्रजीच्या सरांचे नाव घेतो. आई-वडिलांचे नंतर घेतो, आणि माझ्या आई-वडिलांनाही ते मान्य आहे. एका घराची ज्यू वस्ती पायी हिंडून दाखवायला तीन तास लावणारे हे सर पृथ्वीच्या पाठीवरचे एकमेव गृहस्थ असावेत. कोल्हापुरात मंडईमागे एक बोळ आहे. संस्थानच्या काळात तिथे बेने इस्राएली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहून पुरते मराठी झालेले ज्यू, यांची सहा-सात कुटुंबे होती. कोणी दरबारच्या नोकरीत, कोणी तेलाच्या धंद्यात. पुढे कोणी मुंबईला गेले, कोणी इस्राएलला गेले आणि सर तेवढे राहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने एक पाटी रंगवून बोळाच्या तोंडाशी लावली : 'ऐतिहासिक ज्यू वस्ती. पायी खाद्यफेरी. दर रविवारी सकाळी अकरा. चपला मजबूत असाव्यात. भुकेले यावे.' शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा होत्या.

वस्तीत ज्यू घर एकच उरलेले असल्याने सर बाकीची वस्ती तोंडी उभी करीत. "हितं डॉक्टरसाहेब राहायचे, त्या खिडकीत त्यांची मंडळी केस वाळवीत बसायच्या," असे सांगून ते मोबाइलच्या दुकानाकडे बोट दाखवीत, आणि पाहुणे त्या दुकानाचा आदराने फोटो काढीत. पाहुण्यांकडे पाठ करणे त्यांना असभ्य वाटे, म्हणून सगळी फेरी ते उलटे चालत. वाटेतला प्रत्येक खड्डा, गटार आणि झोपलेले कुत्रे त्यांच्या टाचांना पाठ होते. भाजीवाल्या मात्र रोज जागा बदलत. एकदा बोलता बोलता ते कोथिंबिरीच्या पाटीत बसले. पाहुणे धावले, पण सर उठले नाहीत. "बसलोच हाय तर बसूनच सांगतो, ऐका," म्हणाले, आणि पुढची दहा मिनिटे तिथूनच व्याख्यान झाले. भाजीवालीनेही मध्ये हाक मारली नाही, कारण ती सरांची विद्यार्थिनी होती.

मी आजऱ्याकडच्या एका खेड्यातून कॉलेजला आलो आणि इंग्रजीत दोनदा नापास झालो. गाठोडे बांधून परत निघालो होतो तेव्हा सरांनी मला कॉलेजच्या फाटकात धरले. "तुला इंग्रजी येत न्हाय आसं न्हाय. तुला भ्या वाटतंय," ते म्हणाले, "आन् भ्या घालवायला व्याकरण लागत न्हाय, जेवण लागतंय." त्या दिवसापासून वर्षभर मी त्यांच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, आधी जेवलो आणि मग शिकलो. पान वाढल्यावर मी काही आभाराचे बोलू लागलो की ते म्हणत, "गप जेव." आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. आज मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. लोकांना दिवसभर गप्प बसवणे हे माझे काम, आणि ते मला चांगले जमते.

खाद्यफेरीचे मुक्काम चार. पहिला आप्पांचा तेलघाणा. आप्पा लिंगायत. त्यांच्या आजोबांनी हा घाणा एका ज्यू तेल्याकडून घेतला, तेव्हा शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या वारी, तो फिरवणार नाही असा शब्द दिला होता. तो शब्द तिसऱ्या पिढीतही चालू आहे. "सर, शनवारी तुमचा द्येव, सोमवारी माझा म्हादेव, आन् रविवारी तुमचं पावणं," आप्पा दर फेरीला म्हणत, "मग मी घाणा फिरवू कवा?" आणि ताज्या शेंगतेलात चटणी कालवून ज्वारीची भाकरी पुढे करीत. दुसरा मुक्काम आक्कांचे घर. सरांच्या पत्नीने वारण्यापूर्वी आक्कांना चिकाचा हलवा शिकवला होता. गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध, कारण मटणाच्या जेवणावर गाई-म्हशीचे दूध त्यांच्यात चालत नाही. आक्का हलवा अगदी शिकवला तसाच करीत, पण त्यांचा जीव राहत नसे. "नुस्तं नारळाचं दूध पावण्याला द्यायचं? लोकं म्हणतील, घरात म्हस न्हाय." म्हणून हलव्याशेजारी धारोष्ण दुधाचा एक पेला वेगळा येई, आणि सर तोंड फिरवून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत राहत.

तिसरा मुक्काम पैलवानांची खानावळ. तिथे दर रविवारी भांडण ठरलेले. पांढऱ्या रश्शात नारळाचे दूध असते, तेव्हा तो मुळात ज्यूंचा आहे, असा सरांचा सिद्धान्त होता. "मटणात म्हशीचं दूध न घालणारा माणूस कोल्हापुरात दुसरा कोण आसंल?" ते विचारीत. पैलवान पळी घेऊन बाहेर येत. "सर, तुमी माझं गुरू, पर रश्शाला हात लावू नगासा!" पाहुण्यांना वाटे, हे नाटक बसवलेले आहे, आणि ते टाळ्या वाजवीत. खरी गंमत अशी की सरांनी तो रस्सा आयुष्यात चाखला नव्हता. त्यांच्या रीतीने बकरे कापणारा माणूस कोल्हापुरात उरला नाही, तेव्हापासून त्यांनी मटण सोडले होते. मटणावर इतक्या अधिकाराने बोलणारा शाकाहारी माणूस या शहराने दुसरा पाहिला नसेल.

चौथा मुक्काम सरांचे स्वतःचे घर. तिथे ताटात मलिदा वाट पाहत असे : भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलदोडा, बेदाणे आणि भोवती फळे. काही चांगले घडले की बेने इस्राएली घरात हा मलिदा करतात, प्रार्थना म्हणतात, देवाचे आभार मानतात आणि सगळ्यांना वाटतात. आणि इथेच सारा घोटाळा होता. सरांच्या पाटीवर 'चव' हा शब्द नव्हता, आणि तो असता तरी आमच्या लोकांना कळला नसता. पाहुण्याला बशीत चमचाभर ठेवून पुढे पाठवायचे, ही गोष्ट आप्पा, आक्का आणि पैलवान यांच्या कुळात कोणी केलेली नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत एकही माणूस चौथ्या घरात भुकेला पोहोचला नव्हता. लोक येत, उंबऱ्यावर बसत, पाणी मागत आणि मलिद्याकडे हात जोडून पाहत. "फेरी उलटी करा," मी सुचवले. "तुमच्या घरापासून सुरू करा."

"खुळा हाईस काय?" सर म्हणाले. "मलिदा आभाराचा आसतोय. आधी कायतरी पोटात पडाय लागतंय, मग आभार."

मागच्या वर्षी उलटे चालताना सर पडले आणि मनगट मोडले. ठाण्याहून त्यांची मुलगी आली. "पप्पा, आता पुरे. माझ्याकडे चला," ताई म्हणाल्या. "तिकडे प्रार्थनेला लागतात ती दहा माणसं मिळतात."

"हितं वीस मिळतात की," सर म्हणाले. "एकालाबी हिब्रू येत न्हाय, एवढंच."

बराच वाद झाल्यावर त्यांनी मनातले सांगितले. "लोकं घाणा बघत्यात, हलवा खात्यात, रस्सा पित्यात. आमची माणसं हितं राहिली, हितं सुखानं जेवली, हे माझ्या घरातच कळायचं. एक तरी पावणा माझ्या ताटातलं खाऊ दे. मग तू म्हणशील तिथं येतो." ताईंनी एक रविवार दिला.

मी त्या आठवड्यात तिघांकडे गुपचूप गेलो. यावेळी पाहुण्यांना अगदी थोडे द्या, अशी हात जोडून विनंती केली. बाकी दोघांनाही हेच सांगितले आहे, हेही सांगितले. तिघेही गंभीरपणे म्हणाले, "व्हय, सरांसाठी एवढं करू की." आणि रविवारी तिघांनीही रोजच्या दुप्पट वाढले. कारण प्रत्येकाने विचार केला, बाकीचे दोघे हात आखडणार, मग पावणं उपाशी राहतील, सरांची शोभा होईल, तेव्हा आपणच पोटभर घालू. आक्कांनी तर हलव्याआधी पुऱ्या केल्या होत्या. चौथ्या घरी पोहोचलेल्या सहा पाहुण्यांपैकी एक गृहस्थ थेट सोप्यावर आडवे झाले. बाकीच्यांनी मलिद्याचा वास घेतला आणि फार सुंदर आहे म्हणून सांगितले.

सर रागावले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी टोपी नीट केली, एकट्यानेच प्रार्थना म्हटली, ताटावर रुमाल झाकला आणि ताईंना म्हणाले, "चल. ब्याग कुठं हाय?" निघताना त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. "रविवारी अकराला लोकं येतील," ते म्हणाले. मी म्हणालो, "सर, मला चार माणसांत बोलता येत नाही." ते गाडीत बसले आणि काच वर करून घेतली.

त्यांना आता फोनवर ऐकू येत नाही. म्हणून पहिल्या फेरीनंतर मी हे पत्र पाठवले :

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

काल फेरी झाली. पुण्याचे पाच लोक होते. मी सरळच चाललो, माफ करा. आवाज बोळाच्या तोंडाशी थरथरत होता, पण घाण्याजवळ आप्पा ओरडले, "मोठ्यानं बोल की रं, तेल पळून जात न्हाय!" मग सुटला. पांढऱ्या रश्शाचा तुमचा सिद्धान्त मी सांगितला. पैलवान पळी घेऊन बाहेर आले, मी ज्यू नसल्याने त्यांना भांडता येईना, आणि ते तसेच आत गेले. मला वाटते, त्यांना वाईट वाटले.

मलिदा आक्कांनी केला. म्हशीचे दूध घातलेले नाही, मी उभा होतो. नेहमीसारखेच चौथ्या घरी कोणाच्या पोटात जागा नव्हती. मी ताटावर रुमाल झाकणार, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "पोटात न्हाय तर डब्यात हाय की," आणि पाचही जणांच्या हातात डबे दिले.

संध्याकाळी त्यांच्यातल्या एका बाईंचा फोन आला. कऱ्हाडच्या पुढे रस्त्याचे काम चालू आहे, गाड्या दोन तास अडकल्या होत्या, सगळ्यांना भूक लागली होती. त्यांनी डबे उघडले होते, पण अजून खाल्ले नव्हते. त्यांनी विचारले, "आधी आभार मानायचे असतात म्हणालात ना? ते कसे मानायचे?" सर, मला तुमची प्रार्थना येत नाही. मी म्हणालो, देवाचे माना, आणि मग ज्याचे ऋण आहे त्या माणसाचे नाव घ्या. मागे हॉर्न वाजत होते. मग त्या बाईंनी त्यांच्या शाळेतल्या एका बाईंचे नाव घेतले. मागून एकाने आजीचे घेतले. ड्रायव्हरनेही कोणाचे तरी घेतले. मग डब्यांचा आवाज आला. सर, सगळ्यांनी खाल्ले.

फोन ठेवल्यावर मी तुमच्या सोप्यावर बसलो आणि उरलेला मलिदा वाढून घेतला. तुमचे नाव घेतले. मोठ्याने घेतले. तुम्ही समोर असता तर घेऊ दिले नसते.

आपला विद्यार्थी