लाकडी स्कूटरवरचा फोटो

शनिवार, ९ ऑक्टोबर १९७१. सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही पिंपरीच्या आनंदमेळ्यात शिरलो. आम्ही म्हणजे मी, पत्नी, आई आणि धाकटा भाऊ. दसरा होऊन दहा दिवस झाले होते आणि दिवाळी यायची होती. दिवसभर यंत्रापुढे उभी राहिलेली माणसे संध्याकाळी पैसे मोजून यंत्रात बसत होती, ओरडत होती आणि त्याला करमणूक म्हणत होती.

शेजाऱ्यांचा बॉक्स कॅमेरा मी मागून आणला होता. अंधारात त्याला बल्ब लावावा लागे, आणि एक बल्ब एकदाच उजळे. माझ्याजवळ तीन होते. त्यांतला एक भावासाठी राखायचा, हे घरीच ठरले होते. राजगुरुनगरच्या एका घराशी त्याच्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलगी आम्हांला पसंत होती. तिच्या वडिलांनी मुलाचा फोटो मागवला होता; तो पाहून ते होकार किंवा नकार कळवणार होते.

पहिला बल्ब आकाशपाळण्यापाशी गेला. आईने दांडा धरून कॅमेऱ्याकडे पाठ केली. दुसऱ्या वेळी पत्नीने डोळे मिटले. उजेड पडेल, हे तिला आधी सांगितले होते.

पुढे एका तंबूत तळ्याचे चित्र रंगवलेला पडदा आणि त्यापुढे फळकुटांची निळी स्कूटर होती. तंबूच्या मालकाला पैसे देऊन तिच्यावर बसून फोटो काढायला लोक रांगेत उभे होते; कॅमेरा आपला आणला तरी चाले. भाऊ आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात पाळीभर हँडलच्या मुठी बसवीत असे. खरी स्कूटर मिळायला नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्याने नंबरही लावला नव्हता.

"दादा, हिच्यावर काढ."

"ही लाकडाची आहे."

"फोटोत कुठं कळतंय?"

"म्हणजे त्यांना ती तुझी वाटावी."

आई मध्ये पडली. "वाटंना का! रोज त्योच बनवतो न्हवं? मग त्याचीच न्हाई व्हय?"

"अहो, काढा ना," पत्नी म्हणाली. "भावजींचं जमत असेल, तर तुमचं काय जातंय?"

मी कॅमेरा काढला. शेवटचा बल्ब बसवला. आमची पाळी येताच भावाने भांग नीट केला, ऐटीत बसला, मुठी धरल्या आणि लगेच सोडल्या.

"ओ मालक, गिअर उजव्या मुठीला काढलाय तुम्ही! डाव्या हाताला पाहिजे."

"राव, फोटो काढायचाय का चालवत घरी न्यायचीय?"

"चूक ती चूकच."

"मग कंपनीत कळवा!"

रांगेतून कोणी ओरडले, "भावा, आधी पेट्रोल टाक!"

लोक हसले. भाऊ खाली उतरला, गुडघ्यावर बसला आणि केबल कुठून कशी जाते, हे त्या मालकाला बोटाने दाखवू लागला. मी बटण दाबले.

"दादा! मी बसलो कुठं होतो?"

"बल्ब संपले."

खोटी ऐट मिरवायला बसलेला माणूस खोट्या गिअरवर चिडला. इतका मूर्खपणा कारखान्यातल्या माणसालाच जमतो. त्या मेळ्यात पाहण्याजोगे दुसरे काही नव्हते.

साडेआठला घरी आलो. "लगीन मोडलं म्हणून समजा," आई म्हणाली. "नवरदेव मातीत गुडघं टेकून बसल्याला! काय धाडायचं त्यास्नी?"

मी पोस्टकार्ड काढले आणि मुलीच्या वडिलांना लिहिले: 'फोटो धुऊन येताच पाठवीत आहे. त्यातील स्कूटर लाकडी आहे, मुलाची नाही. तिच्यात गिअरची चूक होती, ती तो दाखवीत आहे. कारखान्यात तो हेच काम करतो.'

भावाने ते वाचले. मग म्हणाला, "गिअर डाव्या मुठीला असतो, तेही घाल. नाहीतर चूक काय, ते त्यांना कळायचं नाही."

मी ते घातले. पत्ता लिहिला आणि नाक्यावर जाऊन कार्ड टपालपेटीत टाकले.