मामांची वजाबाकी

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत लग्नाच्या पंगतीत आमच्या मामांइतका नकोसा माणूस दुसरा सापडायचा नाही. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते, पण विषय काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. कोणी डॉक्टर-इंजिनिअर शेजारी बसला, की त्याच्या घरात पैसा कुठून कुठून येत होता ते मामा गोडीगोडीत काढून घेत आणि मग त्यातली एकेक वाट बंद करत. "समज, तुह्या बापाचा पगार नव्हता. फक्त वावर. मंग तू कोण?" भातकुलीला एका दातांच्या डॉक्टरला त्यांनी ऐन त्याच्या लग्नात गाठलं. बापाच्या गाळ्यांचं भाडं वजा केल्यावर तो स्वतःच्याच दवाखान्यात चिठ्ठ्या फाडायला उरला. मुलीकडचे पोट धरून हसले आणि मुलाकडच्यांनी मामांना जिलेबी वाढली नाही.

म्हणणं मात्र खोटं नव्हतं. पगार दर महिन्याला येतो. कापूस दिवाळीच्या तोंडावर येतो, आणि कॉलेजचे प्रवेश होतात तेव्हा घरातला पैसा बियाण्यात गेलेला असतो. "पैसा तेवढाच असला तरी पोराच्या कामी कोणता येते, ते पाहा लागते," असं ते म्हणत. स्वतःबद्दल विचारलं, की ऐटीत सांगत, "मी बापाच्या मास्तरकीवर शिकलो."

कापसानं सगळ्यांना रडवलेल्या त्या वर्षांत एकदा आम्ही हिवरखेडला माझ्या भावाकडे जमलो होतो. भावाची सुमी बारावीला उत्तम पास झाली होती, तरी तिला अकोल्याला शिकायला पाठवायचं नाही असं घाटत होतं. भाऊ-वहिनी दिवसभर वावरात, आईचे गुडघे गेलेले, आणि घर जिच्या दुधावर चाललं होतं ती म्हैस सुमीशिवाय सांभाळणार कोण? मामांनी लगेच विचारलं, "समजा, म्हैस काढली तर?"

आई त्यांची थोरली बहीण. ती चुलीपासूनच म्हणाली, "बापू, सोताची वजाबाकी काहून नाई करत तू? बाबांचा पगार तं वावरातच जिरे. तुह्या होस्टेलचा पैसा दुधाचा होता. पाटी ठेवून, शाया सोडून म्हैस मी सांभायली. आता मले काढून पाह्य."

मामा उठले आणि गोठ्यात जाऊन म्हशीपाशी उभे राहिले. तिथूनच ते म्हणाले, "सुमीले पाठवा. म्हैस मी पाहतो."

म्हशीला अर्थशास्त्राचं काही कौतुक नव्हतं. धार काढणाऱ्याच्या अंगावर आईचं लुगडं असल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे. सुमीही तेच पांघरून धार काढी. मग काय, निवृत्त प्राध्यापक रोज सकाळ-संध्याकाळ बहिणीचं हिरवं लुगडं डोक्यावरून घेऊन म्हशीपाशी बसू लागले. गावातली माणसं बघायला येत. लुगड्याच्या आतून मामा ओरडत, "हसा बे! लाथ तं मलेच बसणार हाय!" सुमीचं शिक्षण होईपर्यंत तिच्या या आबाजींनी हिवरखेड सोडलं नाही.

सुमी आता कॉलेजात शिकवते. मामांच्या तेरवीला एक पाहुणे तिला कौतुकानं म्हणाले, "पोरी, हुशार होतीस म्हणून इथवर आलीस."

"आबाजीले काढून पाहा," ती म्हणाली, "मंग सांगा."

त्या पंगतीत कोणी कोणाला काही विचारलं नाही. जिलेबी सगळ्यांना वाढली. माझ्याच्यानं ती खाववली नाही.